दाखल क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी

नाव: श्रीमती रुद्राणी मन्मथ हलकुडे. वय: एकोणचाळीस. हुद्दा: ग्रंथालय सहायक, महिला विभाग (अर्धवेळ). जिल्हा: लातूर. पूर्वीचा जिल्हा: उस्मानाबाद. बदलाचे कारण: शासननिर्णय. शिक्षण: ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा वर्ग, नांदेड. विशेष प्रावीण्य: वाचकांस ग्रंथ सुचविणे. सदर प्रावीण्याबाबत आजवर तक्रार आढळून आलेली नाही.

तक्रार नव्हती हे खरंच, आणि रुद्राणीची अडचण नेमकी तीच होती.

वाचनालयात कपाटांपर्यंत वाचकांना सोडत नसत. मध्ये जाळी होती. बाहेर यादी टांगलेली. यादीतला क्रमांक सांगायचा, बाईंनी पुस्तक काढून द्यायचं. बायका यादीकडं बघत नसत. "द्या काहीतरी बरं" म्हणायच्या आणि जाळीला टेकून उभ्या राहायच्या. त्यामुळे लातूरच्या पाऊणशे बायकांनी काय वाचायचं हे रुद्राणी ठरवायची, आणि तिला त्याचा जाब कुणी विचारत नसे.

अकराशे सत्त्याऐंशी ही हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी. दोन शिक्षिका एका घरात राहायला लागतात आणि म्हाताऱ्या होईपर्यंत राहतात. एकशेबाराव्या पानावर त्या एकमेकींना जे बोलतात, ते रुद्राणीनं तोवर फक्त नवराबायकोच्या तोंडी वाचलं होतं. चौदाशे दोनमध्ये आणखी घोळ होता. तिथली नायिका नवऱ्यावर जीव टाकते आणि गाणं शिकवायला येणाऱ्या बाईंच्या पावलांकडं कान लावूनही बसते. लेखिकेनं तिला यातलं काहीच सोडायला लावलेलं नाही. ही कादंबरी रुद्राणीनं तीनदा वाचली. मन्मथबद्दल तिची कसलीच तक्रार नव्हती. त्याचं घागरींचं दुकान होतं, दुष्काळात ते बरं चाललं होतं, आणि तो घरी हसत यायचा. पण नांदेडच्या वसतिगृहात शेजारच्या खाटेवर किनवटची साखरा होती. सहा महिने रोज सकाळी तिची वेणी रुद्राणीनं घातली होती, आणि चौदा वर्षांनीही ते केस बोटांना आठवत होते. दोन्ही एकदमच खरं कसं, हे तिला कळत नव्हतं. पुस्तकात ते होतं, एवढंच.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाणी गेलं. टँकर नेमका महिला विभागाच्या वेळेत यायचा, तेव्हा विभागात चिटपाखरू नसायचं. मग रुद्राणीनं पिशवीत पुस्तकं भरली आणि विभागच टँकरच्या रांगेत नेला. घागर रांगेत ठेवून बायका सावलीला वाचत बसायच्या. परत करताना पुस्तक रिकाम्या घागरीतून काढून द्यायच्या आणि "बरं हाय" म्हणायच्या.

सगळ्यांत जास्त अकराशे सत्त्याऐंशी फिरलं. रांगेतल्या केवळाबाई म्हणाल्या, दोघी बहिणी एकमेकीच्या लई जिवाच्या हायेत. बहिणी नाहीत त्या, रुद्राणी म्हणाली. मग कोण, असं केवळाबाईंनी विचारलं, तेव्हा ती पिशवीतली पुस्तकं मोजू लागली. दुसरीला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या घरात स्वयंपाक कोण करायचं. यांना काही कळलंच नाही, की सगळं कळूनही यात विशेष काही वाटलं नाही, हे रुद्राणीला उमगेना.

तेवढ्यात तपासणी निघाली. वाचनालयाला जिल्ह्याचा दर्जा हवा होता. चिटणीस गुरुपादप्पा आडत दुकानदार. लग्नानंतर त्यांनी कादंबरी उघडली नव्हती. त्यांनी पुस्तकांमागच्या तारखांच्या पट्ट्या तपासल्या. अकराशे सत्त्याऐंशीच्या पट्टीवर एकसष्ट शिक्के निघाले.

"रुद्राणीबाई, ह्येच साहेबांपुढं ठेवायचं," ते म्हणाले. "विषय लिहा, महिला-उन्नती. एक पान मी सोता वाचून दाखवतो."

"कोणतं पान, अण्णा?"

"कोणतं बी. मधलं उघडू की."

पुस्तक दोनशे वीस पानांचं होतं, आणि एकशेबारावं पान जवळजवळ मधोमध.

आठ वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या एका पुस्तकावर कुणीतरी नाक मुरडलं होतं. ते लोखंडी कपाटात गेलं. किल्ली अध्यक्षांकडं, आणि अध्यक्ष लेकाकडं हैदराबादला. आता अकराशे सत्त्याऐंशीही तिथंच जाणार, हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत तिनं कमलम्माला गाठलं. कमलम्मा उदगीरकडची, शिवणकाम करणारी, आणि हे पुस्तक अकरा वेळा नेलेली एकटीच. पुस्तक काही दिवस मिळायचं नाही, असं रुद्राणीनं सांगितलं. कमलम्मानं घागर खाली ठेवली.

"असं करू नका, अक्का. शांतम्माला वाचून दाखवते मी. तिला अक्षर येत न्हाई."

"शांतम्मा कोण? बहीण?"

"न्हाई."

"मग नात्यातली?"

"माझी हाय," कमलम्मा म्हणाली, आणि घागर उचलून दोन पावलं पुढं सरकली, कारण रांग सरकली होती.

रुद्राणी तिथंच उभी राहिली. मागच्या बाईनं ढोसलं तेव्हा पुस्तकाचं काय करायचं ते तिनं ठरवलेलं होतं. बाकी काहीच ठरलं नव्हतं.

तिनं एकसष्ट शिक्क्यांची पट्टी पाणी लावून सोडवली, कोरी चिकटवली आणि पुस्तक कपाटाच्या तळच्या कप्प्यात सरकवलं. गुरुपादप्पांना सांगितलं, ते बांधणीला गेलंय. त्यांनी लोणच्यांचं पुस्तक पुढं केलं.

निरीक्षक फार कामसू निघाले. लोणच्यांना त्यांनी हातही लावला नाही. खाली बसून तळाचे कप्पे काढले आणि हिरवं पुस्तक उघडून कोऱ्या पट्टीकडं बघितलं.

"एकदाही गेलं नाही?"

रुद्राणीनं गुरुपादप्पांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी शिक्के मोजले होते, नाव वाचलं नव्हतं. एकसष्ट म्हणावं तर पट्टी कुठं गेली ते सांगावं लागणार, आणि मग साहेब मधलं पान उघडणार. नाही म्हणावं तर काय होतं, हे नांदेडच्या वर्गात शिकवलं होतं आणि ती ते साफ विसरली होती.

"नाही, साहेब."

"मग कशाला जागा अडवायची?" साहेब म्हणाले आणि त्यांनी निर्लेखनाची यादी मागितली. न वाचली जाणारी पुस्तकं रद्दीत काढायची ती यादी. चौदाशे दोनची पट्टी तिनं बदलली नव्हती, ते वाचलं.

त्या संध्याकाळी रद्दीचे गठ्ठे रुद्राणीनंच बांधले, आणि बांधताना हिरवं पुस्तक पिशवीत टाकलं. ही चोरी की नोकरी, याचा विचार ती घरापर्यंत करत गेली. दारात मन्मथनं विचारलं, काय झालं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढच्या महिन्यात दर्जा मिळाला. अहवालात नोंद आहे: दाखल क्र. ११८७, वाचकांची मागणी नसल्याने नष्ट केले. साक्षीदार: श्रीमती रु. म. हलकुडे.

पुस्तक सध्या कमलम्माकडं आहे. तिच्यामागं चार बायका थांबल्यात.