वायर जोडणारे साहेब

आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आतल्या खोलीतल्या कम्प्युटरमध्ये सगळ्या बायकांची माहिती भरली होती. ती बाहेर खिडकीवरच्या स्क्रीनवरही दिसावी म्हणून वायर जोडायला आणि प्रोग्राम बसवायला एक साहेब धरमपेठेतून सायकलने येत. भिंतीवरची वायर जराशी तिरकी दिसली तरी उखडून पुन्हा ठोकत. कम्प्युटर अडला की बैलाला म्हणावं तसं म्हणत, "चाल ना गा बावा, काहून रुसून राहिला?" मी तिथे केसपेपर काढून द्यायचे. हसू आलं की पदर तोंडाला लावायचे.

खिडकीवरची स्क्रीन सुरू झाली त्याच दिवशी एक अवघडलेली पोरगी पोट धरून खिडकीशी आली. पेपर सापडल्याशिवाय तिला तपासणार नव्हते, आणि डॉक्टरबाई निघायच्या घाईत होत्या. स्क्रीन नवऱ्याचं नाव मागत होती.

"नाव सांग वं, नाही तर बाजूला हो!" खिडकीतला कारकून ओरडला.

"काहून नाही सांगून राहिली ती?" साहेबांनी मला विचारलं.

मी खाली बघत म्हटलं, "बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, साहेब."

ते हसले नाहीत. "हे मले सुचलंच नाही," म्हणाले आणि आत कम्प्युटरपुढे जाऊन बसले.

"एका बाईसाठी सारं बदलता का, साहेब?" कारकून म्हणाला.

"माहिती बायांचीच आहे ना गा."

थोड्या वेळाने स्क्रीनने बाईचं स्वतःचं नाव मागितलं. पोरीने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की जिना उतरणाऱ्या डॉक्टरबाई वळून परत आल्या.