प्रशिक्षित माणसांनी घडवलेला उपास

सोलापुरातल्या मानसोपचाराच्या एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टर गोळ्या देतात आणि मी माणसांशी बोलते, निदान तसा पगार तरी घेते. मध्यंतरी आम्हाला सगळ्यांना सांस्कृतिक संवेदनशीलतेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. हातमागाचा कुर्ता घातलेले एक गृहस्थ पुण्याहून आले, त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि आपापली संस्कृती रंगीत चिठ्ठीवर लिहायला लावली. मी ‘आदरातिथ्य’ लिहिलं. टाळ्या पडल्या, जेवणात गुलाबजाम होते आणि शेवटी सर्टिफिकेट मिळालं.

त्याच आठवड्यात कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची एक बाई भरती झाली. पन्नाशीची, नवऱ्याचं धान्याचं दुकान. पाठचा भाऊ वारल्यापासून तिची झोप उडालेली, आणि एकदा ती विहिरीकडे चालत निघाली म्हणून नवऱ्याने घाबरून आणलेली. घरात सगळं कानडीच. मराठी तिला कळायचं, पण दुःखात कोण परक्या भाषेत बोलतं? पहिले चार दिवस नातेवाइकांनी भेटायचं नाही, असा आमचा नियम. नवरा बिचारा हात जोडून परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून बाईने अन्न सोडलं. ताट आलं की तोंड फिरवायची. मी पुढे सरसावले. अहो, नवं कोरं प्रशिक्षण अंगात भिनलेलं! म्हटलं, दवाखान्याची पोळी-भाजी हिच्या संस्कृतीत बसत नसणार. घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन गेले. मला येणारं एकुलतं एक कानडी वाक्यही म्हटलं, ‘ऊट माड्री.’ जेवा म्हणून.

‘ब्याड,’ ती म्हणाली. नको. आणि हात गळ्याशी नेऊन चाचपत राहिली.

मी वहीत लिहिलं: रुग्ण वारंवार छातीपाशी हात नेते, धास्तीचं लक्षण. काय अक्षर होतं माझं, सुरेख!

तिसऱ्या दिवशीही तेच. सलाइनवर बाई पडून, ओठ सुकलेले. डॉक्टरांनी ठरवलं, अन्नात विष आहे असा संशय येत असणार. गोळ्या दुप्पट केल्या. उद्याही खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, म्हणाले. मी मान डोलावली.

फरशी पुसणाऱ्या मावशी अक्कलकोटकडच्या. बादली घेऊन जाता जाता त्यांनी विचारलं, ‘बाई, नळी कशाला घालताव? तिचं लिंग द्या की तिला.’

‘कसलं लिंग?’

‘गळ्यातलं. इंजेक्शन देऊन झोपवलं तवा शिस्टरनी काडून घेतलं न्हवं का. लिंगपूजा केल्याबिगर ती पानी तरी घोटंल व्हय?’

कपाळ माझं! मी याच गावात जन्मले. शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या गळ्यात असंच चांदीच्या डबीतलं लिंग होतं. तिच्या घरी सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी चहासुद्धा घेत नसे, आणि मरेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नसतं हे मला चौथीत ठाऊक होतं. सर्टिफिकेट मिळेपर्यंत विसरले असणार. कपाटातल्या पिशवीवर आमच्या सिस्टरने नीट लिहिलं होतं: दोऱ्यासह चांदीची डबी, एक नग. वॉर्डात गळ्यात दोरा ठेवायचा नाही, हाही नियमच. आणि तो चुकीचा नव्हता; फक्त काय काढतोय हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

‘मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत?’

‘पैल्या दिसापासून. शिस्टरला सांगितलं की. मला वाटलं, तुमी ट्रेनिंगवाल्या, तुमाला ठावंच आसंल.’

मी डबी नेऊन दिली. बाईने ती दोन्ही हातांनी धरली आणि हमसून हमसून रडली. मग आंघोळ केली, मावशींच्या पुडीतली विभूती लावली आणि लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केली. दोरा होता म्हणून मी शेजारी बसून राहिले. नंतर तिने दोन भाकरी खाल्ल्या. मला इतकी लाज वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना.

पण लाज संध्याकाळपर्यंतच टिकली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘वाढीव गोळ्यांचा चांगला गुण.’ मी खाली सही ठोकली. बैठकीत घरच्या भाकरीचं केवढं कौतुक झालं माझं! याला म्हणतात सांस्कृतिक जाण, असं डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. मी लाजून हसले. मावशी तेव्हा कपबशा गोळा करत होत्या. बाई त्याच दुप्पट गोळ्या घेऊन घरी गेली.

दोन आठवड्यांनी नवरा तिला परत घेऊन आला. ती आणखी वाळली होती. डावा हात पुढे करून तिने दाखवला. बोटं नुसती थरथरत होती.

‘गोळ्यांनी हात ऱ्हात न्हाय बगा,’ नवरा म्हणाला. ‘लिंग पडंल म्हनून भेती. पूजा न्हाय, मग जेवन बी न्हाय. परवापास्नं उपाशी हाय.’

मी त्यांना बाहेर बसवून आत गेले.

‘पुन्हा अन्न बंद?’ डॉक्टरांनी पेन उघडलं. ‘मागच्या वेळी डोस वाढवल्यावर गुण आला होता. अजून थोडा वाढवू.’

‘नाही सर.’ मी केसपेपरवर हात ठेवला. ‘गोळ्यांचा गुण नव्हताच तो.’ आणि सगळं सांगितलं. लिंग, पिशवी, मावशी, सगळं.

त्यांनी माझ्या सहीवर पेनाचं टोक ठेवलं. मग म्हणाले, ‘हे तेव्हाच का नाही बोललात?’

‘तेव्हा शाबासकी मिळत होती, सर,’ मी म्हणाले.

दार उघडंच होतं. तिचा नवरा बाकावरून उठून केव्हाचा तिथेच उभा होता.