वन्संचा अंगठा

आमच्या वन्संनी देव सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, आणि देवावर घेतला नाही तोसुद्धा त्याच्याकडे नोकरी करायची वेळ आली नाही म्हणून, असं मला अजूनही वाटतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. यजमान लवकर गेले, तशा त्या कासूला माहेरी परत आल्या आणि पुढे सकाळच्या गाडीने रोह्याला साबणाच्या कंपनीत पॅकिंगला जाऊ लागल्या. मी जोह्याची, मूर्तींच्या गावची. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी केलेल्या चहाचा कप वन्संनी नाकाजवळ नेला, वास घेतला आणि परत माझ्यापुढे सरकवला. मी दोन घोट प्याले, त्या माझ्याकडे बघत बसल्या, आणि मी धडधाकट आहे अशी खात्री झाल्यावर उरलेला चहा त्यांनी घेतला. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. नवरा म्हणाला, मनावर घेऊ नकोस, आईच्या हातचाही ती असाच पिते.

गाडी उशिरा आली की वन्सं निवांत असायच्या. ती वेळेवर आली की मात्र त्यांना चैन पडत नसे. आज एवढी घाई का, पुढे काय झालंय, कुणाला पाहिजे आहे ही गाडी, असं त्या रोहा येईपर्यंत पुटपुटत. बाजारात कांदे स्वस्त दिसले तर त्या घेत नसत. दारावर कुणी पत्ता विचारायला आला तर आधी त्याचाच पत्ता विचारून घेत. पण हे सगळं किरकोळ. वन्संचा संशय खरा फुलायचा तो कंपनीच्या फाटकातून आत शिरल्यावर. कंपनीने दर महिन्याला कामगारांना साबण फुकट द्यायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्या बायका खूश झाल्या. वन्संनी पहिली वडी घरी आणून विळीवर मधोमध कापली, दोन्ही बाजू उन्हात धरून बघितल्या, आणि आपल्याला देतात त्यात वास कमी घालतात असा निकाल दिला. सणवार नसताना कॅण्टीनमध्ये पेढे वाटले, तर सुपरवायझरने आपला पेढा तोंडात टाकेपर्यंत त्यांची मूठ उघडत नसे. आणि मोठे साहेब पॅकिंगच्या लाइनीवर येऊन कुणाला नावाने हाक मारून मुलाबाळांची चौकशी करून गेले, की त्या बाईचं आता कसं होणार म्हणून वन्संच हळहळायच्या. साहेबाला नाव पाठ आहे म्हणजे ते कुठल्यातरी यादीत आहे, हे त्यांचं साधं गणित होतं.

सुटीच्या वेळी फाटकाशी एक पेटी असायची. तिच्यावर बटण. प्रत्येकीने ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ घरी, तांबडा लागला तर पडद्यामागे जाऊन अंगझडती. कोणता दिवा लागेल ते यंत्र ठरवतं, त्यात कुणाचा हात नसतो, असं कंपनी सांगायची. वन्संचं म्हणणं असं की वॉचमनच्या पायाखाली दुसरं बटण आहे. त्या स्वतः बटण दाबताना दिव्याकडे न बघता वॉचमनच्या बुटांकडे बघायच्या, आणि मला नोकरी लागल्यावर महिनाभर त्यांनी मलाही याच कामाला लावलं. त्या बिचाऱ्याला कळेना की या दोन बायका रोज आपल्या पायांत काय बघतात. आधी त्याने बुटांना पॉलिश केलं, मग नवे बूट आणले, आणि शेवटी कंटाळून त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. गाडीत बसल्यावर वन्सं मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "बघितलास? पाय वर घेतलं. म्हंजे खाली काय तरी हाय." माणसाचं तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि पुढे घरीदारी त्या कुणालाही काही विचारलं की उत्तर ऐकताना त्याच्या पायांकडे बघत.

माझी नोकरी त्यांनीच लावली, पण तीही संशय घेत घेतच. मुलाखतीच्या आधी चार दिवस माझी तालीम चालली होती. खोलीत खाली साबणाची वडी पडलेली असेल, ती मुद्दाम टाकलेली असते, उचलायची आणि टेबलावर ठेवायची, पिशवीकडे हात न्यायचा नाही, ही मुख्य शिकवण. गंमत अशी की खोलीत खरोखरच खुर्चीच्या पायाशी एक वडी होती. मी ती उचलून दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवली. ते वडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. ही कुठून आली असं विचारू लागले. शिक्षण किती या प्रश्नाला मी बारावी असं खरं उत्तर दिलं. वन्संना हे घरी कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. जे येतं ते सगळं पहिल्याच दिवशी कशाला सांगून टाकलंस, असा त्यांचा राग होता.

कारण त्यांनी स्वतः काहीच सांगितलं नव्हतं. वन्सं सातवी पास. अक्षर असं गोल आणि टपोरं की गावातल्या लग्नांच्या याद्या त्यांच्याकडून लिहून घेत. पण कंपनीत त्या अंगठा लावायच्या. भरतीच्या वेळी त्यांनी डावा अंगठा पुढे केला, कारकुनाने न विचारताच शिक्षणापुढे निरक्षर लिहिलं, सगळा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला, आणि वन्संनी मान डोलावून खाली ठसा उमटवला. सही करणाऱ्याने वाचलंच आहे असं धरतात, अंगठेवाल्याला मात्र वाचून दाखवावं लागतं आणि दोन साक्षीदार लागतात, असं त्या मला समजावत. हे शहाणपण कुठून आलं ते एकदाच त्यांनी सांगितलं. या नोकरीच्या आधी त्या एका बिस्किटांच्या कारखान्यात होत्या. आता तो बंद पडला आहे. लागताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती, नमुन्याला म्हणून. सहा वर्षांनी मला कायम करा असं विचारायला गेल्या, तर साहेबाने कप्प्यातून तोच कागद काढला. वर राजीनामा टाइप केलेला, खाली यांची सही. "माझाच अक्षर," त्या म्हणाल्या, "नाय कशी म्हनू?" तेव्हापासून त्यांनी कुठल्याही कागदाला पेन लावलं नव्हतं. हे ऐकल्यावर मी त्यांच्या अंगठ्याला हसायचं सोडलं.

मला नोकरीला लागून सहा महिने होत आले, कायम होणाऱ्यांची यादी लागायची वेळ आली, आणि त्याच सुमारास मुंबईच्या ऑफिसातून छापील फॉर्म आले. तुम्हाला नोकरी कशी मिळाली, भरतीच्या वेळी नीट वागवलं का, वरचे लोक ऐकून घेतात का, कामाच्या जागी काय त्रास होतो, असे पंधरा प्रश्न. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, नाव लिहू नका, मोकळेपणाने लिहा. शनिवारी वाटले, रविवारच्या सुटीनंतर आणून द्यायचे होते. लाइनीवर आम्ही तेवीसजणी, बाकीच्या साऱ्या फॉर्म हातात घेऊन वन्संच्या तोंडाकडे बघू लागल्या. नाव नको म्हणतात म्हणजे त्यांना नावाची गरज नाही, अक्षरावरून ओळखणार, असं वन्संनी सांगितलं, आणि बायका फॉर्म परत करायला निघाल्या. तेव्हा वन्सं म्हणाल्या की खरं काय ते मला सांगा, लिहिणारं माणूस माझ्याकडे आहे. साऱ्याजणी माझ्याकडे बघून हसल्या. मीही तेच समजले.

पण रविवारी दुपारी ओटीवर चटई टाकून मी पेन उघडलं, तर वन्संनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. माझं अक्षर अर्जावर आहे, त्यांचं अक्षर कंपनीत आजवर कुणीही पाहिलेलं नाही. मग सापडायचं कसं? एवढा बिनतोड बेत मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. तेवीस जणींचं म्हणणं त्यांच्या डोक्यात शब्दन् शब्द होतं. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी लिहायचं. आठ तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात. लाइनीवर एकच पितळी बिल्ला, तो हातात असेल तरच बाथरूमला जायचं, आणि तो नेमका सुपरवायझरच्या खिशात असतो. अंगझडतीचा पडदा आखूड आहे. इतकी वर्षं गाडीत कुजबुजलेलं सगळं त्या टपोऱ्या अक्षरांत कागदावर उतरत होतं, आणि मला भीती वाटण्याऐवजी बरं वाटत होतं. सगळं झाल्यावर फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक आकडे छापलेले आहेत, असं वन्संच्या लक्षात आलं. त्यांनी विळी ओढली आणि तेवीसच्या तेवीस कोपरे उडवले. स्वतःचा फॉर्म त्यांनी सगळ्यांत शेवटी भरला होता. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाशी आल्यावर हाताचा आडोसा केला आणि मला चुलीवरचं बघून ये म्हणून आत पाठवलं.

आता एकाच अक्षरातले, एकेक कोपरा उडवलेले तेवीस फॉर्म कंपनीला मिळाल्यावर कंपनीला काय वाटणार, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. गुरुवारी मला ऑफिसात बोलावणं आलं. पर्सोनेलच्या साहेबांनी सगळे फॉर्म टेबलावर पसरले होते. त्यांनी दोघीचौघींना विचारलं होतं, आणि त्या बायकांनी खरं तेच सांगितलं होतं, वन्संच्या घरी लिहून झाले. त्या घरात लिहिता येणारी मी एकटीच, असं कंपनीचे कागद सांगत होते. मी म्हटलं, हे माझं अक्षर नाही, अर्जाशी ताडून बघा. त्यांनी ते आधीच बघितलं होतं. म्हणाले, "तू जोह्याची ना? तुमच्याकडे पोरी मूर्तीचे डोळे रेखतात. तुला हात बदलून लिहायला काय अवघड आहे?" बायकांना भडकवून तू एकटीने हे सगळं रचलंस, कुणाच्या सांगण्यावरून ते सांग, नाहीतर यादीतून नाव काढतो, असं ते शांतपणे म्हणाले. वन्संइतकाच संशयी माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या तोंडाशी वन्संचं नाव आलं आणि मी ते गिळलं. खोटी माहिती देऊन नोकरीला लागली म्हणून त्यांना त्याच दिवशी काढलं असतं, आणि त्या वयात त्यांना दुसरीकडे कुणी घेतलं नसतं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी राहिले.

तेवढ्यात दार उघडून वन्सं आत आल्या. डोक्याला पॅकिंगची टोपी, हातात बिल्ला नाही. इतक्या वर्षांत त्या बिल्ल्याशिवाय लाइनीवरून हलल्या नव्हत्या.

"ते मी लिवलाय," त्या म्हणाल्या.

साहेब हसले. तुम्ही तर अंगठा लावता, सुनेला वाचवायला काहीही सांगू नका, म्हणाले. वन्संनी त्यांना दुरुस्त केलं, की सून नाही, भावजय. मग साहेबांनी एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं आणि येतं ना लिहायला, मग करा सही, म्हणाले.

वन्संनी कागद उचलला. उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. दोन्हीकडे कोरा होता. त्या कागदावर पुढे काय टाइप होऊ शकतं ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला, टोपी सारखी केली, आणि सगळं नाव लिहिलं, त्यांचं, यजमानांचं, आडनाव, गोल आणि टपोरं. साहेब ती सही आणि फॉर्म आलटून पालटून बघू लागले. मी मान वळवली ती डोळे पुसायला, आणि माझी नजर टेबलाच्या कडेच्या फॉर्मवर गेली. शेवटचा प्रश्न छापलेला होता, आपल्या घरातल्या माणसाने या कंपनीत नोकरीला यावं असं तुम्हाला वाटतं का? खाली त्याच अक्षरात लिहिलं होतं, "आणली आहे. भोळी आहे. सांभाळून घ्या."

लाइनीवर घरचं माणूस आणलेली बाई एकच होती. कोपरे कापून, अक्षर लपवून बाकीच्या साऱ्यांना झाकणाऱ्या वन्संनी स्वतःला मात्र असं उघड्यावर ठेवलं होतं.

साहेबांनी पसरलेले फॉर्म गोळा केले. मग त्यांनी वन्संना जायला सांगितलं. वन्सं हलल्या नाहीत. "तो कागद द्या माझा," म्हणाल्या. साहेबांनी दिला. वन्संनी तिथेच त्याचे चार तुकडे केले आणि पदराला बांधून घेतले, कंपनीच्या कचऱ्यात टाकण्याइतका त्यांचा कंपनीवर विश्वास नव्हता.

त्यांना आठ दिवस घरी बसवलं, पण काढलं नाही. का काढलं नाही, याचा संशय त्यांना पुढे कितीतरी दिवस छळत होता. माझं नाव यादीत लागलं. लाइनीवर चार स्टुलं आली, आणि वन्संनी प्रत्येक उलटं करून खालून तपासल्यावरच बायकांना त्यावर बसू दिलं. हजेरीच्या मस्टरवर मात्र आता त्यांना सही करावी लागे, आणि त्या सबंध पान वाचून मगच करत, त्यामुळे मागे रांग खोळंबायची. सुपरवायझर म्हणायचा, बाई, अंगठाच बरा होता.

वन्संना जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटी शेवटी त्या ओटीवर पडून असायच्या. औषधाची गोळी मी आधी चाखून दाखवावी असा त्यांचा हट्ट असे, आणि मी जिभेला लावल्यासारखं करत असे. एके दिवशी दुपारी मी उशाशी पाणी ठेवलं, तर त्यांनी एकाएकी विचारलं, "त्या दिवशी साहेबाच्या टेबलावरचा माझा कागद वाचलास काय गो?"

मी नाही म्हटलं. वन्संनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या मान वळवून कितीतरी वेळ माझ्या पायांकडे बघत राहिल्या.