दोना लुईझा

नोव्हेंबर १९९७, गुरुवार, देरा, दुबई. हजर: मॅनेजर, लिस्बनहून आलेला वयस्कर ग्राहक, अकाउंट्स सांभाळणाऱ्या मडगावच्या लुईझाबाई आणि मी.

करक चहातल्या वेलचीचा वास आला की एसीने गारठलेली ती मीटिंगची खोली आठवते. मॅनेजर म्हणाले, "लुईझा, चाय बोलो." तेवढ्यात पाहुण्याने उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "दोना लुईझा, प्लीज." पोर्तुगीजमध्ये 'दोना' म्हणजे आपलं 'बाईसाहेब'.

लुईझाबाई बसल्या, फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आज चाय आप बोल दो. मेरे को मीटिंग है."

पाहुणा गेला आणि शनिवारपासून सुरू झालं. "दोना मॅडम, फाइल! दोना मॅडम, यल्ला, चलो!" सगळं ऑफिस खिदळायचं. एकदा जेवताना त्या मला म्हणाल्या, "माझ्या आईला सगळा गाव दोना म्हणायचा गो. आता तो शब्द ऐकवत नाही."

अजून संताप येतो. ऑफिसातला प्रत्येक पुरुष 'साहेब', निदान 'भाई' तरी. या बाईंना मात्र एका परक्याने दिलेला मानसुद्धा ऑफिसला बघवला नाही. त्याचीही टिंगल करून टाकली.

परवा जुन्या मंडळींच्या स्नेहभोजनाचा मेसेज आला, "तो दोनाचा किस्सा सांग ना, धमाल येईल!" सांगणार आहे, अगदी पहिल्यापासून. पण त्याआधी लुईझाबाईंना विचारायला हवं, आणि त्यांचा मडगावचा नंबर अजून मिळवायचा आहे.