मुठीत मावेल असा चाकू

दौलतराव हत्तीअंबीरे घरात एका जागी बसतील तर शपथ! गॅलरीत जायचे, परत यायचे, पंखा लावायचे, बंद करायचे, टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करायचे. आणि या सगळ्या येरझाऱ्यांत उजवा हात सारखा पँटच्या खिशात. म्हणजे घालायचे कसले, डाव्या हातानं उचलून खिशात ढकलायचे. खिसा रिकामा असायचा.

"काय हुडकायलात एवढं?" सखूबाई विचारायच्या.

"काही नाही."

काही नाही कसं? नोकरीला लागल्यापासून त्या खिशात घडीचा चाकू होता. पाठीपोटी चपटा, पोलादी, पात्यावर नखानं उघडायची बारीक खाच. रेल्वेच्या सिग्नल खात्यात परभणीहून हैदराबादला आलेला माणूस. केबल सोलायची, सुतळी तोडायची, डब्याची पिशवी सोडवायची, सगळं त्याच चाकूनं. निवृत्तीनंतर तारनाक्याच्या घरीही तीच तऱ्हा. फळ घरात आलं की कापायचं दौलतरावांनीच. सखूबाईंनी सुरीला हात लावला तर यांचं नाक फुगायचं. पाहुणे हसायचे, पण फोड मात्र चवीनं खायचे.

गेल्या हिवाळ्यात उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय सुधारला, बोलणंही सरळ झालं. दवाखान्याच्या धावपळीत चाकू कुठं पडला कुणास ठाऊक. हात मात्र मागं राहिला. बोटं मिटायची, पण त्यांत जोर नव्हता. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, "आणखी सुधारेल, पण पूर्वीसारखा होईल असं धरून बसू नका." दौलतरावांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही. त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं, की ज्या दिवशी या हातात चाकू बसेल त्या दिवशी आपण बरे झालो. तोवर सखूबाई त्यांच्यासमोर फळाच्या फोडी कापून ठेवायच्या, बिया काढलेल्या, लहान पोराला ठेवाव्यात तशा. दौलतरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. खायचे, पण भिंतीकडं बघत.

एके सकाळी "पार्कात फिरून येतो" म्हणून ते निघाले आणि बस पकडून थेट नारायणगुड्याला उतरले. तिथं गौसभाईंचं दुकान. कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते, कुलपं, आणि काचेखाली घडीच्या चाकूंची रांग. दौलतरावांचे डोळे असे चमकले, की गौसभाईंनी गिऱ्हाईक पक्कं आहे हे तेव्हाच ओळखलं.

"वो पतला वाला दिखाओ," दौलतराव म्हणाले. हुबेहूब जुन्यासारखा होता. त्यांनी तो उजव्या मुठीत ठेवला, डाव्या हाताच्या नखानं खाचेत पातं ओढलं. पातं निघालं, पण चाकूची मूठच हातातून निसटली आणि चाकू काचेवर खणकन पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. आता कपाळावर घाम. शेजारी कात्री घ्यायला आलेली बाई बघायला लागली.

"साब, जरा मोटा लेके देखो," गौसभाई म्हणाले.

"मोटा नक्को. वो कमानीवाला दो, बटनका."

बटण दाबलं की पातं खाड्कन बाहेर! दौलतरावांनी दाबलं आणि तोंडभर हसले. बघा, उघडला की नाही एका हातानं? मनातल्या मनात ते घरी पोचलेसुद्धा, सखूबाईंसमोर बटण दाबून दाखवलंसुद्धा. मग चाकू मिटायची वेळ आली. पातं डाव्या तळव्यानं रेटलं, उजव्या हाताची बोटं कुठं आहेत हे न बघताच. पातं खटकन आत बसलं.

"अरे साब! खून निकल रा!"

दौलतरावांनी खाली पाहिलं. काचेवर थेंब पडत होते, आणि उजव्या तर्जनीवर लांबलचक चीर होती. आपल्याला कळलं कसं नाही? दुखायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, तरी दुखेना. त्या न दुखण्यानं ते इतके घाबरले, की गौसभाई कापड शोधेपर्यंत हात खिशात कोंबून दुकानाबाहेर पडलेसुद्धा.

घरी काय झालं ते सांगायला नको. पँटच्या खिशाला लाल डाग, आणि दाराशी उभ्या सखूबाई. आधी बोटाला पट्टी बांधली, मग तोंड सोडलं. "पार्कात चाकू उगवायलेत का आजकाल? बसमधी चक्कर आली असती तर? कामून जिवावर उठलात माझ्या?" संध्याकाळी बेंगळुरूहून लेकीचा, दीपमालाचा फोन आला. तीही सुरू झाली. "पप्पा, आता चाकू का हवाय? सगळं कट करून मिळतं ॲपवर. प्लीज, टेन्शन देऊ नका ना."

"कट करून मिळतं," दौलतराव फोन ठेवून पुटपुटले. "उद्या चावूनही देतील." आणि पुन्हा गॅलरीत गेले.

सखूबाई दारातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. राग ओसरला तसं त्यांना दिसलं ते वेगळंच. रेलिंगला धरून हा माणूस उजव्या हाताची मूठ वळायचा, सोडायचा, वळायचा, सोडायचा, आणि दर वेळी मुठीकडं असा बघायचा, की जणू तिनं त्याला फसवलंय. याला घरात कोंडलं तर हा बरा नाही होणार, आतल्या आत खचून जाईल, हे त्यांना लख्ख कळलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासून त्या पदर खोचतच बाहेर आल्या.

"चला."

"कुठं?"

"चाकू घ्यायला. आज मी बघणार."

गौसभाईंनी दोघांना बघून हात जोडले. "भाभी, कल तो मेरी जान निकल गई थी." सखूबाईंनी काचेखालच्या रांगेवरून नजर फिरवली. पातं कुठलं पोलादाचं, चकाकी किती, यातलं काही विचारलं नाही. एक एक चाकू उचलून नवऱ्याच्या हातात ठेवला आणि नुसती मूठ बघितली. हा बोटांत बुडतो, नको. हा गुळगुळीत, ओल्या हातातून सटकेल, नको. हा भला लांब, खिशातून डोकं काढेल, नको. गौसभाई मान डोलवत होते. शेवटी त्यांनीच खालच्या खणातून एक काढला. आखूड पातं, जाड लाकडी मूठ, तिच्यावर खरखरीत रेघा. पात्याला अंगठ्यानं ढकलायला भोक होतं, आणि उघडल्यावर पातं अडकवून ठेवणारा खटका.

"देखो साब, चारों उंगल्यां मूठ पे, अंगूठा पाते की पीठ पे. बंद करते वखत खटका दबाओ, उंगल्यां रस्ते से हटाओ, फिर हौले से."

दौलतरावांनी उजव्या मुठीत धरला. जाड मूठ खरंच बसली, पडली नाही. पण अंगठा भोकाशी नेला आणि तो तिथंच थांबला, ढकलेचना. ते दातओठ खात राहिले. पातं जागचं हललं नाही.

"डाव्या हातात धरा," सखूबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"डाव्या हातात."

"म्हणजे उजवा मेला म्हणायचं का?" दौलतराव एवढ्यांदा ओरडले, की रस्त्यावरचा रिक्षावाला वळला. "असंच ना? सांग की तोंडानं! दीपमालाला सांग, आता बापाचा हात गेला!"

सखूबाईंचे डोळे भरले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "मेला नाही. थकलाय. आयुष्यभर राबला, आता त्याला नुसतं फळ धरू द्या. कापायचं डाव्याला शिकवा. वर्षभर त्याची वाट बघत बसलात, अन् हा धडधाकट हात घरात उगीच हिंडायलाय."

गौसभाई काच पुसायला लागले. दौलतरावांनी उजव्या मुठीतल्या चाकूकडं पाहिलं. मग चाकू डाव्या हातात घेतला. अंगठ्यानं ढकललं, पातं वेडंवाकडं का होईना, पण निघालं. खटका बसल्याचा आवाज झाला. खटका दाबून, बोटं बाजूला करून, हळूहळू मिटलं. पुन्हा उघडलं. "बांध दो," ते म्हणाले, पण गौसभाई पुडी बांधेपर्यंत त्यांना कुठला दम! चाकू तसाच खिशात टाकला, डाव्या खिशात.

येताना नाक्यावर जाम घेतले. इथं पेरूला जामच म्हणतात. घरी आल्यावर दौलतरावांनी टेबलावर फळी ठेवली, पेरू ठेवला, त्यावर उजव्या हाताचा तळवा दाबून बसवला, बोटं आत वळवून. डाव्या मुठीत चाकू होता. पहिल्या घावाला पेरू घरंगळला. सखूबाईंचा जीव असा वर आला, की त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरून ठेवले. आपण मधे पडलो तर संपलं, हे त्यांना ठाऊक होतं. दौलतरावांनी पेरू परत ओढला. दुसरा घाव तिरपा गेला, तिसरा आरपार.

एक फोड निघाली. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं कागदासारखी, बिया तशाच. दौलतरावांनी चाकू खाली ठेवला, ती फोड डाव्याच हातानं उचलली आणि मधेच थांबले. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. देवधर्म सोडून पिढ्या झाल्या तरी ही सवय घरातून गेली नव्हती. त्यांनी उजव्या हाताकडं पाहिलं. तो पेरूवर होता, तिथंच. त्यांचा चेहरा पडला.

"घे," ते कसेबसे म्हणाले, "उलटा हात आहे, पण..."

सखूबाईंनी पदर सोडला. आपलाही डावा हात पुढं केला.