दार लावण्याआधी दाखवायचं बोट

मंडळी, आज मान खाली घालून लिहितोय.

दुबईच्या जबल अलीत मी कामगारांची बस चालवतो. जपानमधल्या एका शहराच्या ट्राम आणि बस कंपनीतले निवृत्त चालक सध्या आम्हाला शिकवायला आलेत. गाडी हलवण्याआधी ते दाराकडे, आरशाकडे बोट दाखवून मोठ्याने "ठीक" म्हणतात, बस रिकामी असली तरी. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

आज दुपारी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत मी दार लावलं, गाडी सोडली. बाहेरून पत्र्यावर थापा पडल्या. राजापूरच्या सुरेशची पिशवी दारात अडकलेली. चार पावलं फरफटला बिचारा, दोन्ही गुडघे सोलले.

मी धावत उतरलो, तर तोच म्हणतो, "काका, चूक माझीच. उशिरा आलो. साहेबांना सांगू नका, खाडा लावतील."

शिकवायला बसमध्येच बसलेल्या जपानी पाहुण्यांनी आपल्या बाटलीतल्या पाण्याने त्याचे गुडघे धुतले आणि कमरेत वाकून त्याची माफी मागितली. गाडी माझ्या हातात होती, वाकले ते. मी नुसती त्याची पिशवी दारातून सोडवून दिली.

साहेबांना उद्या खरं सांगणार आहे. पण आत्ता सुरेशच्या खोलीवर निघालोय. त्याने माझी चूक आधीच स्वतःवर घेतलीय. तुम्ही असता तर बोलायला कुठून सुरुवात केली असती?