सावधान, या वांग्याची नक्कल करू नये

हसणार नाही म्हणता? बघू! पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला होता.

वीस वर्षं मी सुरतजवळ कामरेजच्या प्लास्टिक कारखान्यात दुसऱ्यांच्या खुर्च्यांचे साचे घासले. शेवटी ठरवलं, एक तरी वस्तू आपल्या डोक्यातली करायची. केलं स्टूल. कसलं? भरताच्या वांग्याचं! खानदेशी डोकं, दुसरं काय सुचणार? जांभळं गुबगुबीत अंग, वर हिरव्या टोपीची बैठक. देठ तेवढा बाजूला वाकवला. का, ते विचारू नका.

आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं हो! वकीलबेनकडे धावलो. त्या त्यांच्या गुजराती मराठीत म्हणाल्या, "डिझाइननी नोंदणी सोमवारे करू. तोपर्यंत कोणाला दाखवायचं नाही, हं भाई."

मग काय! स्टुलाला बायकोची साडी गुंडाळली. घरात पाहुण्यांना बंदी. सख्खा मेव्हणा धुळ्याहून आला, त्याला जिन्यातच चहा पाजला. स्टूल स्कूटरवर मागे बांधून नेताना सिग्नलला एक रिक्षावाला ओरडला, "अरे भाई, माँजी गिर जाएँगी!" मी मागे वळून पदर सारखा केला आणि पुढे निघालो.

शुक्रवारी शेजारच्या कारखान्याचे रमणभाई साडीकडे बघत म्हणाले, "अंदर शुं छे?"

झालं! सोमवारच्या आत यांनी आकार चोरला तर?

आणि इथे माझी अक्कल चरायला गेली. पर्वत पाटियाच्या चौकात मी बारा फुटी बॅनर लावला. "सावधान! या स्टुलाची नक्कल करू नये." खाली स्टुलाचे चारही बाजूंनी फोटो, उंची, रुंदी, देठाचा बाक. शेजारी हात जोडून उभा मी. आता तुम्हीच सांगा, काय चोरायचं नाही हे चोराला कळायला नको?

बायकोनं बॅनर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो, जे दपाडनं शे, त्यानाच फोटू चौकमा लावतस का?"

"काय लपवायचं, ते मला शिकवतेस? तुला कायद्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. हो, असं म्हणालो मी!

सोमवारी वकीलबेन दारातच उभ्या. "भाई, आ बॅनर तमे लगाड्युं?"

"मीच!" छाती फुगवून म्हणालो.

"अरे भाई, नोंदणी नव्या डिझाइनची होते. अख्ख्या गावाने पाहिलं, ते नवं कसं?"

"पण बेन, मी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा दाखवलं नाही!"

"मेव्हण्याला नाही. अख्ख्या सुरतला दाखवलं!"

खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं.

महिन्याभरात बाजारात वांगीच वांगी! बायकोनं मुद्दाम एक विकत आणलं. मी उलटं करून पाहिलं. कारागिरानं बॅनरवरून काहीच सोडलं नव्हतं. तळाला ठळक अक्षरांत "नक्कल करू नये" आणि शेजारी हात जोडलेला मी!

"तुमना फोटू चांगला ऊना शे," बायको म्हणाली, स्टूल सरळ केलं आणि ऐसपैस बसली माझ्यावर.